कंटेनर निघण्याआधी नावाची नोंद : निर्यातदार लघुउद्योजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून मसाले, लोणची, पापड, फराळ आणि तत्सम पदार्थ परदेशी पाठवणारे सर्व लघुउद्योजक बंधू-भगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

व्यापारचिन्हांच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या, नोंदणीचे काम करणारा एक सल्लागार या नात्याने हे पत्र लिहीत आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी भारतात आपल्या नावाची नोंदणी करून घेतलेली असते, तिचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून कार्यालयाच्या भिंतीवर लावलेले असते, आणि ‘आमचा ब्रँड रजिस्टर्ड आहे’ हे वाक्य आपण पुण्यातल्या दुकानदारासमोर ज्या विश्वासाने उच्चारतो त्याच विश्वासाने दुबईच्या आयातदारासमोरही उच्चारतो. परंतु त्या प्रमाणपत्राची सत्ता भारताच्या हद्दीबाहेर चालत नाही. ज्या देशात माल विकायचा त्या देशात नावाची स्वतंत्र नोंद करावी लागते, ती आपल्याच नावावर करावी लागते, आणि पहिला माल रवाना होण्यापूर्वी निदान तिचा अर्ज तरी दाखल झालेला असावा लागतो. एवढे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच आहे, कारण एवढे न केल्यामुळे होणारे नुकसान मी वारंवार पाहतो आणि त्यातले बरेचसे टाळता येण्यासारखे असते.

‘आमचे नाव इतके प्रसिद्ध आहे की ते कोण चोरणार’ असे म्हणणाऱ्यांसाठी मुंबईतच जन्मलेल्या एका नावाची हकीकत सांगतो. कोका-कोलाने भारत सोडल्यावर 1977 साली पार्ले कंपनीने थम्स अप बाजारात आणले. 1993 मध्ये कोका-कोला परत आली आणि तिने थम्स अप, लिम्का वगैरे पेये नावांसकट विकत घेतली. भारतात ही दोन्ही नावे पोराटोरांना ठाऊक आहेत. अमेरिकेत मात्र भारतीय किराणा मालाचे वितरण करणाऱ्या मीनाक्सी एंटरप्राइझ या कंपनीने 2008 पासून याच नावांची पेये विकायला सुरुवात केली आणि 2012 मध्ये ती नावे स्वतःच्या नावावर नोंदवलीही. कोका-कोलाने नोंदणी रद्द करण्यासाठी धाव घेतली. तिथल्या व्यापारचिन्ह कार्यालयाच्या मंडळाने 2021 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, पण जून 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने तो फिरवला. भारतातली कीर्ती भारतात. अमेरिकेत आपली विक्री बुडाली किंवा अमेरिकेतल्या आपल्या लौकिकाला धक्का बसला हे कंपनीने दाखवलेले नाही, आणि भारतीय वंशाचे ग्राहक ही नावे ओळखत असतील एवढ्या तर्कावर दावा उभा राहत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. वकिलांची फौज बाळगणाऱ्या कंपनीची ही गत झाली, तिथे आपल्या एखाद्या कांदा-लसूण मसाल्याचा न्यू जर्सीच्या न्यायालयात काय पाड लागणार, याचा विचार आपणच करावा.

यात अमेरिकेने आपल्यावर अन्याय केला असे मानण्याचेही कारण नाही. टोयोटाने आपल्या ‘प्रियस’ या नावासाठी भारतातल्या एका सुट्या भागांच्या उत्पादकाविरुद्ध दावा लावला होता, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये हेच तत्त्व सांगितले. जपानमध्ये गाडी 1997 पासून विकली जात असेल, पण भारतीय उत्पादकाने हे नाव वापरायला सुरुवात केली त्या सुमारास भारतातल्या ग्राहकांत त्याचा लौकिक होता हे सिद्ध झाले पाहिजे, आणि ते झाले नाही. भौगोलिक मानांकनाचीही हद्द अशीच आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळाले, तरी जून 2025 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला सादर केल्या तेव्हा त्या मानांकनाच्या जोरावर इटलीत कोणाला रोखता आले नाही. वर्तमानपत्रांतून आरडाओरडा झाल्यावर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले, हा भाग वेगळा.

परदेशात नोंदणी केली म्हणजे कायमची निश्चिंती झाली, असेही समजू नये. दिल्लीच्या हॉटेलातले ‘बुखारा’ हे उपाहारगृह जगभर नावाजलेले आहे. त्याच्या मालक कंपनीने 1986 मध्ये न्यूयॉर्कला आणि पुढच्या वर्षी शिकागोला त्याच नावाची उपाहारगृहे काढली आणि 1987 मध्ये अमेरिकेत नावाची नोंदणीही घेतली. न्यूयॉर्कचे उपाहारगृह 1991 मध्ये बंद पडले आणि शिकागोचेही 1997 मध्ये कंपनीच्या हातून सुटले. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये ‘बुखारा ग्रिल’ नावाचे दुसरेच उपाहारगृह उघडले, आणि ते चालवणाऱ्यांत जुन्या बुखाराचे माजी कर्मचारीही होते. कंपनी न्यायालयात गेली आणि 2007 मध्ये हरली, कारण अमेरिकी कायद्यानुसार सलग तीन वर्षे नाव वापरले नाही तर ते सोडून दिल्याचे गृहीत धरले जाते. चीनमध्येही वापर नसलेली नोंदणी तीन वर्षांनी रद्द करता येते; युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ही मुदत पाच वर्षांची आहे. तेव्हा ‘उद्या कधीतरी जाऊ’ म्हणून पंधरा देशांत नोंदणी करून ठेवण्यात शहाणपण नाही, आणि तसे सुचवणाऱ्या सल्लागारापासून, तो माझ्याच व्यवसायातला असला तरी, दोन हात दूर राहावे.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लेखणी हातात घेतली तिच्याकडे येतो. नाव गमावण्याचा सर्वांत नेहमीचा मार्ग अनोळखी चोराचा नसून आपल्याच वितरकाचा असतो. प्रकार साधारण असा घडतो. साताऱ्या-सांगलीकडचा एखादा मसाला उत्पादक आखाती देशातल्या एका आयातदाराला माल देऊ लागतो. सुरुवातीला सारा व्यवहार फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर चालतो. करार नसतो, असलाच तर दर आणि पैसे देण्याची मुदत यापलीकडे त्यात काही नसते. तिथली मोठी सुपरमार्केट साखळी माल ठेवण्यापूर्वी व्यापारचिन्हाचे कागद मागते. आयातदार फोन करून विचारतो, ‘शेठ, इथे मार्क टाकावा लागेल, मी टाकू का?’ इकडून उत्तर जाते, ‘टाका की, तुम्ही काय परके आहात का?’ आणि अर्ज दाखल होतो तो आयातदाराच्या नावावर, मालक म्हणून. यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा खर्च त्यानेच केलेला असतो आणि अर्जात मालकाच्या रकान्यात दुसऱ्याचे नाव घालायचे तर भारतातून साक्षांकित वकीलपत्र मागवावे लागेल, त्यापेक्षा आपलेच नाव घालावे, एवढाच विचार त्यामागे असतो.

पाच-सात वर्षे सुखाने जातात. मग दरावरून बिनसते, किंवा उत्पादकाला त्याच देशात अधिक चांगला वितरक मिळतो. नव्या वितरकाचा पहिला कंटेनर बंदरात पोचतो आणि जुना आयातदार नोंदणीचे प्रमाणपत्र पुढे करून तो अडवतो, किंवा नव्या वितरकाच्या ग्राहक दुकानांना वकिलाची नोटीस पाठवतो. त्याहून वाईट म्हणजे तो त्याच नावाने, त्याच लाल-पिवळ्या पाकिटात, दुसऱ्याच कोणाकडून मसाला दळून घेऊन विकू लागतो, आणि त्या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने तोच खरा मालक असतो व आपण नक्कल करणारे ठरतो.

यावर उपाय अजिबात नाही असे नाही. औद्योगिक संपदेविषयीच्या 1883 च्या पॅरिस करारातच (आज कलम 6 सेप्टीज) अशी तरतूद आहे की मालकाच्या संमतीवाचून त्याच्या एजंटाने किंवा प्रतिनिधीने स्वतःच्या नावावर चिन्ह नोंदवले, तर मालक त्याला विरोध करू शकतो, नोंदणी रद्द करून मागू शकतो, आणि देशाचा कायदा परवानगी देत असेल तर ती आपल्या नावावर करून मागू शकतो. आपल्या 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम 146 मध्ये हेच तत्त्व आले आहे. पण ‘संमतीवाचून’ या शब्दापाशी आपले प्रकरण अडते, कारण ‘टाका की’ हा आपलाच संदेश समोरच्याच्या फोनमध्ये जपून ठेवलेला असतो. शिवाय तो केवळ गिऱ्हाईक होता की आपला प्रतिनिधी होता, हेही कागदोपत्री दाखवावे लागते. जुनी बिले, शिपिंगची कागदपत्रे, पाकिटाच्या मूळ आरेखनाचे बिल, भारतातल्या नोंदणीची प्रत हे सगळे भाषांतरित आणि साक्षांकित करून परक्या देशातल्या वकिलाकडे पाठवायचे आणि निकालाची वाट पाहायची, यात जो पैसा जातो त्याच्या लहानशा हिश्श्यात सुरुवातीलाच स्वतःच्या नावावर नोंदणी झाली असती. बहुतेक लघुउद्योजक शेवटी तडजोड करतात, म्हणजे स्वतःचेच नाव विकत घेतात.

म्हणून वितरकाशी करार करताना चार ओळी अवश्य घालाव्यात: चिन्हाची मालकी उत्पादकाची आहे, वितरकाला ते फक्त कराराच्या मुदतीत वापरण्याची परवानगी आहे, त्या किंवा त्यासारख्या नावाचा, कोणत्याही लिपीत, व्यापारचिन्ह म्हणून किंवा संकेतस्थळाचे नाव म्हणून तो अर्ज करणार नाही, आणि केलाच तर तो अर्ज उत्पादकासाठी केलेला समजून मागणी होताच हस्तांतरित करील. वितरकाने नोंदणीचा खर्च सोसला असेल तर तो पुढच्या बिलातून वळता करून द्यावा, पण मालकाच्या रकान्यात आपलेच नाव राहील हे पाहावे.

नोंदणी करायची कशी, याविषयी आता थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे आपल्या घरगुती उद्योगांची एक खास अडचण आहे. परदेशी नोंदणीचे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एक म्हणजे त्या त्या देशात तिथल्या वकिलामार्फत थेट अर्ज करणे. दुसरा म्हणजे माद्रिद प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार, ज्यात भारत 8 जुलै 2013 पासून सामील आहे. या पद्धतीत भारतातला अर्ज किंवा नोंदणी पायाला धरून आपल्याच व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयामार्फत एकच ऑनलाइन अर्ज जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, म्हणजे ‘वायपो’कडे, जातो, आणि त्यात आपल्याला हवे ते सदस्य देश निवडता येतात. आपल्या कार्यालयाचे हाताळणी शुल्क 5,000 रुपये आहे आणि वायपोचे मूळ शुल्क काळ्या-पांढऱ्या चिन्हाला 653 स्विस फ्रँक, रंगीत चिन्हाला 903 फ्रँक. फ्रँकचा दर बदलत असला तरी 653 फ्रँक म्हणजे पाऊण लाख रुपयांच्या आसपास जातात. त्यावर प्रत्येक देशाचे शुल्क वेगळे लागते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण, पत्त्यातला बदल, मालकीतला बदल हे सगळे एकाच ठिकाणी करता येते, हा या रस्त्याचा मोठा फायदा आहे.

अडचण अशी की माद्रिदचा अर्जदार आणि भारतातल्या मूळ अर्जाचा किंवा नोंदणीचा मालक ही एकच व्यक्ती असावी लागते. आपल्याकडे बहुधा नोंदणी असते वडिलांच्या नावावर, एकल मालकी पेढीची, 1990 च्या दशकातली. पुढे दोन भावांची भागीदारी पेढी झालेली असते. मग मुलगा एमबीए होऊन येतो, प्रायव्हेट लिमिटेड काढतो आणि आयात-निर्यात कोड त्या कंपनीच्या नावावर घेतो. माल निर्यात करते कंपनी, नाव मात्र कागदोपत्री अजून वडिलांचे, आणि वडील कदाचित हयातही नसतात. अशा वेळी आधी वारसांची कागदपत्रे, विवाहित बहिणींसह सर्वांची ना हरकत, मुद्रांक शुल्क भरलेला हस्तांतरण करार आणि मग मालकीतल्या बदलाची नोंद करण्याचा टीएम-पी हा अर्ज, असा सगळा प्रवास करून नोंदवहीत कंपनीचे नाव चढवावे लागते. या कामाला महिने लागतात. भावाभावांत वितुष्ट असेल तर ते होतही नाही. निर्यातीचा विचार डोक्यात आला त्याच दिवशी प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवून मालकाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. माद्रिदच्या अर्जातले चिन्ह भारतातल्या चिन्हाशी जसेच्या तसे जुळावे लागते, आणि मालाची यादी भारतातल्या यादीपेक्षा मोठी असू शकत नाही. आपली नोंदणी असते देवनागरी अक्षरांतल्या नावाची, शेजारी उखळ-मुसळाचे चित्र असते, आणि लंडनच्या दुकानात जाणाऱ्या पाकिटावर ते चित्र तर नसतेच, नावही रोमन लिपीत असते. मग पायाच वेगळा पडतो. यादीचेही तसेच. वर्गीकरणात एकूण 45 वर्ग आहेत. मसाले आणि पापड 30 व्या वर्गात येतात, लोणची 29 व्या वर्गात, बटाट्याचा चिवडा 29 मध्ये तर पोह्यांचा 30 मध्ये. भारतात फक्त मसाल्यांसाठी नोंदणी असेल तर त्या पायावर लोणच्याला परदेशात संरक्षण मागता येत नाही. यासाठी भारतातच रोमन लिपीतल्या साध्या अक्षरांचा, योग्य त्या वर्गांतला नवा अर्ज करावा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना तो ऑनलाइन केल्यास दर वर्गाला 4,500 रुपये शुल्क आहे, आणि एवढ्यासाठी हात आखडता घेऊ नये.

माद्रिदचा एक धोका मात्र नीट समजून घ्यावा. आंतरराष्ट्रीय नोंदणी पहिली पाच वर्षे भारतातल्या पायावर अवलंबून असते. त्या काळात भारतातला अर्ज फेटाळला गेला, किंवा त्या अर्जाची सरकारी नियतकालिकात जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कोणी विरोध दाखल केला आणि तो पुढे यशस्वी झाला, तर निवडलेल्या सगळ्या देशांतली नोंदणी एकदम कोसळते. ती वाचवायची तर तीन महिन्यांच्या आत प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज करून वेगळे शुल्क भरावे लागते. ‘शुद्ध’, ‘स्वाद’, ‘गावरान’ असल्या वर्णनपर नावांचे अर्ज भारतातच परीक्षण अहवालापाशी अडतात, आणि त्यांवर परदेशी डोलारा उभारणे धोक्याचे आहे. तेव्हा भारतातली नोंदणी पक्की असेल आणि तीन-चार देशांत जायचे असेल तर माद्रिद. पाया कच्चा असेल किंवा एकाच देशात जायचे असेल तर थेट अर्ज, असे माझे सर्वसाधारण मत आहे.

अमेरिकेच्या बाबतीत तर मी बऱ्याचदा थेट अर्जच सुचवतो. तिथले परीक्षक मालाचे वर्णन अतिशय नेमके मागतात, आणि माद्रिदमार्फत गेलेल्या अर्जावर आक्षेप आला की शेवटी तिथला वकील नेमावाच लागतो. ऑगस्ट 2019 पासून परदेशी अर्जदारांना तो सक्तीचाच आहे. दुसरे कारण आपल्या नावांचे. मराठी उद्योगांची निम्मी नावे आडनावे असतात, आणि मुख्यतः आडनाव म्हणूनच ओळखले जाणारे चिन्ह अमेरिकेत मुख्य नोंदवहीत सहजी घेत नाहीत. आडनाव तिथे फारसे कोणाचे नसेल तर सुटतेही. नाही सुटले तर थेट अर्जदाराला दुय्यम, म्हणजे कमी संरक्षणाच्या, नोंदवहीत जाण्याची सोय आहे, ती माद्रिदमार्फत आलेल्याला नाही. नोंदणी मिळाल्यावर पाचव्या आणि सहाव्या वर्षांच्या दरम्यान वापराचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते हेही डायरीत नोंदवून ठेवावे. ते विसरल्यामुळे धडधाकट नोंदण्या रद्द होतात.

आखाती देशांविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तिथल्या सहा देशांचे व्यापारचिन्ह कायदे बरेचसे सारखे असले तरी नोंदणी समाईक नाही. प्रत्येक देशात ती वेगळीच करावी लागते. संयुक्त अरब अमिराती डिसेंबर 2021 पासून माद्रिदमध्ये आहे, ओमान आणि बहरीन त्याच्या आधीपासून आहेत, पण सौदी अरेबिया आणि कुवेत नाहीत, त्यामुळे तिथे थेट अर्जच करावा लागतो. निव्वळ धार्मिक स्वरूपाची चिन्हे तिथे नोंदली जात नाहीत, तेव्हा पाकिटावर गणपती किंवा अंबाबाईचे चित्र असेल तर निर्यातीसाठी वेगळे आरेखन करावे. खाद्यपदार्थांची माहिती अरबीत छापावी लागतेच, म्हणून नावाचे अरबी रूपही आपणच ठरवून सोबत नोंदवावे. ते वितरकावर सोडले तर तो स्वतःचे काहीतरी ठरवतो आणि मग ते त्याचे होते.

युरोपीय संघात स्पेनमधल्या अलिकांते येथील कार्यालयाची एकच नोंदणी 27 देशांना पुरते आणि पहिल्या वर्गाचे शुल्क 850 युरो आहे, जे देशांच्या संख्येच्या मानाने स्वस्त म्हणावे लागेल. ब्रिटन 2021 पासून त्यात नाही, त्यामुळे लंडन-लेस्टरसाठी वेगळी नोंदणी हवी. कॅनडा 2019 पासून माद्रिदमध्ये आहे, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूर तर कधीचेच आहेत. नेपाळ, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिका नाहीत. चीनमध्ये आपण काही विकत नसाल, पण छापील पाऊच किंवा डबे तिथून मागवत असाल तर तिथेही नोंदणीचा विचार करावा, कारण तिथे नाव बहुतांशी आधी अर्ज करणाऱ्याचे होते. 2019 च्या दुरुस्तीने वाईट हेतूच्या अर्जांना चाप लावला आहे, तरी पहिल्या अर्जाचे महत्त्व ओसरलेले नाही.

पाकिटावरच्या एका बारीक खुणेकडेही लक्ष वेधतो. वर्तुळातले ‘आर’ हे अक्षर नोंदणी झाल्याचे सांगते. भारतातले पाकीट तसेच्या तसे उचलून, जिथे नोंदणी नाही अशा देशात पाठवले तर अनेक ठिकाणी ती ग्राहकांची दिशाभूल समजली जाते, आणि पुढे वाद झाला तर समोरचा वकील सगळ्यात आधी तिकडेच बोट दाखवतो. नोंदणी होईपर्यंत निर्यातीच्या पाकिटावर नुसते ‘टीएम’ छापावे.

अर्ज करण्यापूर्वी ते नाव त्या देशात आधीच कोणाचे नाही ना हे पाहणे सोपे आणि फुकट आहे. वायपोचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस सर्वांना खुला आहे. नावाची चार-पाच रोमन स्पेलिंगे टाकून घरबसल्या शोधता येते. यावरून अंतिम मत बनवू नये, पण वकिलाकडे जाण्याआधीच मोठी धोंड दिसून येते. तसेच नोंदणी प्रसिद्ध झाली की परदेशी वाटणाऱ्या संस्थांची, शिक्के-मोहोर असलेली, ‘नोंदवहीत नाव छापण्याचे शुल्क भरा’ अशी बिले ईमेलने किंवा टपालाने येऊ लागतात. वायपो स्वतः याबद्दल वेळोवेळी सावध करत असते. आपल्या सल्लागाराला विचारल्याखेरीज अशा कोणालाही एक डॉलरही पाठवू नये.

शेवटी मुदतीविषयी. पॅरिस करारामुळे भारतात पहिला अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केला तर त्याला भारतातल्या अर्जाची तारीख धरली जाते, म्हणजे मध्यंतरी कोणी तिथे तेच नाव टाकले असले तरी आपण त्याच्या आधीचे ठरतो. फराळाच्या व्यवसायाला ही मुदत जणू मोजून दिल्यासारखी आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास भारतात नवा अर्ज केला तर सहा महिने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संपतात, आणि अमेरिका-युरोपच्या दिवाळीसाठी कंटेनर न्हावाशेव्याहून साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटतात. म्हणजे नावाची निवड, शोध, भारतातला अर्ज, वितरकाशी करार आणि परदेशी अर्ज हे सगळे त्याच हंगामात बसते. मात्र ही सवलत पहिल्याच अर्जाला मिळते. जुन्या नावाचा तोच अर्ज त्याच मालासाठी पुन्हा करून नवे सहा महिने मिळवता येत नाहीत. ज्यांची भारतातली नोंदणी जुनी आहे त्यांना परदेशात अर्जाच्या दिवसाचीच तारीख मिळेल, आणि म्हणून त्यांनी पाडव्याची वाट न पाहता, वितरकाशी बोलणी सुरू होण्याच्या आधीच अर्ज दाखल करावा. पेटंटप्रमाणे यासाठी परदेशी अर्जाची सरकारी परवानगी आधी घ्यावी लागत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
व्यापारचिन्ह सल्लागार, पुणे